आठवी बाई

इथे घरात अडगळ साठली की लोक एखाद्या शनिवारी गॅरेजच्या दारात टेबलं मांडतात. जुने टोस्टर, जॅन्डल्स म्हणजे रबरी चपला, मुलांच्या सायकली येईल त्याला देऊन टाकतात आणि मोकळे होतात. किस्स्यांची ही सोय नाही. कितीही जणांना दिले तरी ते आपल्याकडेच उरतात!

माझ्याकडचे निम्मे किस्से ऑकलंडच्या बऱ्याच खाली, पोरिरुआ गावातल्या आमच्या ऑफिसातले आहेत. आम्ही पाण्याच्या मीटरचं सॉफ्टवेअर बनवतो, म्हणजे मुळातच विनोदाला वाव कमी. पण दर जुलैत आमच्या किचनमधल्या लांब टेबलावर एक मॉर्निंग टी व्हायचा, मित्राच्या आईच्या नावानं. २०१२ ते २०१९, ओळीनं आठ वर्षं. त्या एका टेबलानं मला जन्मभर पुरेल एवढा ऐवज दिला आहे.

मित्रा म्हणजे संघमित्रा. नागपूरजवळच्या कामठीची. आमची बिझनेस अ‍ॅनालिस्ट. २०११ मध्ये ती इथे आली आणि चारच महिन्यांत तिकडे तिची आई गेली. मित्राचा पासपोर्ट तेव्हा व्हिसासाठी इमिग्रेशनकडे जमा होता. तो हातात येईपर्यंत तिकडे पुण्यानुमोदन, म्हणजे मृत्यूनंतरचा बौद्ध विधीसुद्धा आटोपला होता. याबद्दल ती बोलायची नाही. एकदाच गाडीत म्हणाली, "आईला शेवटचं पाहायला गेली नाही मी," आणि लगेच रेडिओ लावला.

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. रद्दीच्या दुकानातून जुनी अमेरिकन मासिकं आणून बाईंनी त्यातून आठ काळ्या बायकांची चित्रं कापली, पुठ्ठ्यावर चिकटवली, मागे स्वतःच्या अक्षरात एकेकीची गोष्ट लिहिली आणि वर्गात लावली. महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळच्या शाळेला, एक गोष्ट. बसमधली जागा सोडायला नकार देणारी. गुलामांना रानावनातून पळवून नेणारी. लहानपणी पाय अधू आणि पुढे भल्याभल्यांना मागे टाकून धावणारी. आपल्या देशात कुणी शिकवेना म्हणून परदेशी जाऊन विमान चालवायला शिकलेली. नावं मी देत नाही. बाईंची पद्धतच तशी होती, आधी काम सांगायचं आणि नाव शेवटी.

भावानं ते आठ पुठ्ठे पार्सलनं पाठवले. मित्रानं ठरवलं, आईच्या स्मृतिदिनाला दरवर्षी एक गोष्ट. अडचण एकच होती. आठव्या पुठ्ठ्याच्या मागे काही लिहिलेलंच नव्हतं! चित्रात चष्मा लावलेली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली एक काळी बाई. कोण, कुठली, काही पत्ता नाही. शाळेत दरवर्षी सातव्या गोष्टीपर्यंत परीक्षा यायची आणि आठवी राहून जायची, त्यामुळे मित्रानंही ती ऐकलेली नव्हती.

"सात वर्षं आहेत नं माझ्याकडे," ती म्हणाली. "शोधीन."

*

पहिल्या वर्षीची गंमत ऐका.

आमचा मॅनेजर ग्रेग. साउथ आयलंडमधल्या शेतावर वाढलेला, उंच, प्रेमळ, आणि कुठल्याही प्रसंगासाठी भाषण तयार असलेला. मित्रानं सगळ्यांना ईमेल केला होता, 'माझ्या आईच्या स्मरणार्थ मॉर्निंग टी.' टेबलावर पांढरी चादर, फुलं, आणि ऑफिसात खऱ्या मेणबत्त्यांना बंदी म्हणून बॅटरीवरच्या मेणबत्त्या. मधोमध पहिला पुठ्ठा, ती बसमधली बाई.

ग्रेग फुलांचा गुच्छ घेऊन आला. चित्रासमोर छातीवर हात ठेवून पूर्ण एक मिनिट उभा राहिला. मग मित्राकडे वळून भरल्या आवाजात म्हणाला, "शी वॉज ब्यूटिफुल, मित्रा. डोळे अगदी तुझेच आहेत."

आम्ही सगळे बुटांकडे बघायला लागलो. मित्राची पापणीसुद्धा हलली नाही. म्हणाली, "थँक यू, ग्रेग."

नंतर मी तिला विचारलं, "अगं, सांगायचंस ना त्याला!"

"काय सांगू? त्या बाईचं नाव घेऊन घेऊन आईनं आम्हाला वाढवलं. डोळे तिचे आले असतील तर बरंच आहे नं!"

*

बाईंचा दुसरा नियम होता, गोष्ट आधी, खाऊ नंतर. वर्गातल्या पोरींचे डबे गोष्ट संपेपर्यंत उघडायचे नाहीत. मित्रानं हा नियम जसाच्या तसा पोरिरुआत आणला. खायला ती घरून सांबारवडी करून आणायची. नागपूरकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, तिचं सारण भरून तळलेली खमंग वडी. वास अख्ख्या मजल्यावर आणि झाकण मित्राच्या हाताखाली, अशी ती वीस मिनिटं जायची. लोकांचे फार हाल व्हायचे.

दुसऱ्या वर्षी गोष्ट होती रानातून गुलामांना नेणाऱ्या बाईची. ऐन रंगात आली, मागे शिकारी कुत्रे लागलेत, आणि जमीन हलली. आमच्याकडे भूकंपाची सवय आहे. सगळे शिस्तीत टेबलाखाली गेले. मित्राही गेली.

हलणं थांबलं तरी पाच मिनिटं कुणी बाहेर येत नाही, असा दंडक. त्या शांततेत मित्राचा आवाज आला, "तर कुत्रे जवळ आले. बाईनं सगळ्यांना ओढ्यात उतरवलं." टेबलाखाली चौदा माणसं गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होती. खरं सांगते, गोष्ट ऐकायला याहून चांगली जागा मी पाहिलेली नाही.

इतक्यात तिनं वाक्य मध्येच तोडलं. "श्रीकांत, तुझ्या मांडीवर काय आहे?"

श्रीकांत म्हणजे आमचा डेटाबेसवाला. पुण्याचा. विचारलं नसताना माहिती देणारा. भूकंपात माणसं फोन घेतात, पर्स घेतात. हा वड्यांचं ताट घेऊन खाली आला होता!

"पडलं असतं गं," तो म्हणाला.

"वर ठेव. अजून ओढा ओलांडायचा आहे."

*

याच श्रीकांतनं तिला एकदा विचारलं, "तुझ्या आईंबद्दल आदर आहेच, पण आपल्याकडे काय कमी थोर बायका होऊन गेल्या? एकदम अमेरिकेत कशाला जायचं?"

मित्रा म्हणाली, "हेच शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं."

साहेबांनी भिंतीवरची चित्रं बघितली आणि विचारलं, "बाई, या परक्या बायका आपल्या पोरींच्या काय कामाच्या?"

बाई म्हणाल्या, "साहेब, आपल्याकडच्या थोर बायका पुस्तकात आहेत, त्या मी शिकवतेच. पण माझ्या पोरींना वाटते, हे हिणवणं, लांब बसवणं आपल्याच वाट्याला आलं. समुद्रापलीकडंही कोणाच्या वाट्याला आलं होतं आणि ती पुरून उरली, हे कळलं की पोरगी रडत नाही. भांडते."

साहेबांना भांडणाऱ्या पोरी नको होत्या. त्यांनी शेरा मारला, 'सदर चित्रे भिंतीवरून तात्काळ काढावीत.'

बाईंनी तात्काळ काढली. आणि छताला चिकटवली!

त्यानंतर वर्षभर शनिवारची गोष्ट पोरींनी सतरंजीवर उताणं पडून ऐकली. पुढच्या तपासणीला साहेब आले, भिंती बघितल्या, 'सूचनेचे पालन झाले' असं लिहिलं आणि चहा पिऊन गेले. वर बघायचं त्यांना सुचलंच नाही.

श्रीकांतनं पुन्हा तो प्रश्न काढला नाही.

*

२०१४ मध्ये तेंडाई आली. झिम्बाब्वेची, टेस्टिंगमध्ये, माझ्या शेजारच्या टेबलावर. चाळिशीची, लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडलेली, आणि कामापुरतं बोलणारी. तिला येऊन तीन आठवडे झाले होते आणि जुलै उजाडला.

ग्रेगला वाटलं, चला, बरं झालं. त्यानं नेहमीप्रमाणे इथल्या नमस्कारानं, "किया ओरा एव्हरीवन" म्हणून सुरुवात केली आणि पुढे म्हणाला, "या वर्षी आपलं भाग्य की तेंडाई आपल्यात आहे. तेंडाई, या महान स्त्रियांबद्दल तू दोन शब्द बोलावेस."

तेंडाईनं चहाचा घोट घेतला. "ग्रेग, मी टेस्टर आहे."

"हो, पण म्हणजे..."

"मी तुला कधी इंग्लंडच्या राणीबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं का?"

ग्रेग लाल झाला, तो दुपारपर्यंत तसाच होता. पण माणूस मनाचा चांगला. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलाशी जाऊन माफी मागून आला.

तेंडाईनं नंतर टेबलाभोवती फिरून त्या वर्षी मांडलेले आठही पुठ्ठे नीट बघितले आणि मित्राला म्हणाली, "हं. आमच्याकडची एकही नाही."

मित्रा वरमली. "आईकडे अमेरिकेचीच मासिकं होती. तू सांग ना एखादी. आपण नववी लावू."

"सुचली तर सांगेन," तेंडाई म्हणाली.

पुढची चार वर्षं मित्रा दर जुलैत विचारायची आणि तेंडाई दर जुलैत हेच उत्तर द्यायची.

*

मित्राची मुलगी ओवी. जन्म इथलाच, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. ती सहा वर्षांची असताना शाळेत एक दिवस आपापल्या हिरोचा वेश करून यायचं होतं. बाकीच्या पोरांनी मुखवटे घातले, पाठीवर झूल बांधली. ओवी आजी होऊन गेली. पांढऱ्या ओढणीची साडी, काखेत भलीमोठी पर्स, हातात लाकडी फूटपट्टी.

टीचरनं कौतुकानं विचारलं, "अँड व्हॉट इज युअर सुपरपॉवर?"

ओवी गंभीरपणे म्हणाली, "नोबडी कॅन ईट अंटिल आय से सो."

त्या दिवशी वर्गात म्हणे डबे दहा मिनिटं उशिरा उघडले.

*

आठव्या बाईचा शोध सगळ्यांनी आपापल्या परीनं चालवला होता. मित्रानं लायब्रऱ्यांना ईमेल पाठवले. ग्रेगनं ऑकलंडला इतिहास शिकवणाऱ्या आपल्या एका दोस्ताला फोटो दाखवला. श्रीकांतनं मात्र २०१६ मध्ये जाहीरच करून टाकलं, "सापडली!"

मॉर्निंग टीला त्यानं प्रोजेक्टर लावला. बावीस स्लाइड्स! आठवी बाई म्हणजे अमुक एक मोठी शिक्षणतज्ज्ञ, हे तिचं बालपण, ही तिची शाळा, हे तिचं म्हातारपण. मित्रा अगदी पुढे सरकून बसली होती. हातात पेन होतं, पुठ्ठ्याच्या मागे लिहायला. तिचा चेहरा मला अजून आठवतो. मला वाटलं, चला, सुटली बिचारी.

तेवढ्यात तेंडाईनं हात वर केला. "चौथ्या स्लाइडवर परत जा. आता अकराव्या. आता सतराव्या." श्रीकांत गेला. "या तीन वेगळ्या बायका आहेत, श्रीकांत. आणि पुठ्ठ्यावरची चौथी."

श्रीकांतनं चष्मा पुसून बघितलं. "अरेच्चा. मला सगळ्या सारख्याच वाटल्या."

ग्रेगनं घाईघाईनं प्रोजेक्टर बंद केला.

"चालायचंच," तेंडाई शांतपणे म्हणाली. "हेल्पडेस्कच्या सुरेशला मी दोन वर्षं श्रीकांत म्हणते आहे. ओ देतो बिचारा."

हसून हसून ग्रेगच्या डोळ्यांत पाणी आलं. मित्राही हसली. पण पेनाचं टोपण तिनं सावकाश लावलं, आणि त्या दिवशी वडीला हात लावला नाही.

*

२०१८ मध्ये पाय मोडल्यामुळे मित्रा ऑकलंडजवळ अल्बनीला बहिणीकडे होती. आम्हाला वाटलं, यंदा सुटका. कसली! इथे नवऱ्याकडून वड्या करवून पाठवल्या आणि बरोबर अकराला तिचा फोन. टेबलावर फोन ठेवा, स्पीकर लावा. वैमानिक बाईची गोष्ट तिनं तिकडून प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून सांगितली.

विमान नुकतं जमिनीवरून उचललं होतं आणि ती थांबली.

"श्रीकांत, गिळ."

सहाशे किलोमीटरवरून! श्रीकांतला ठसका लागला. तो आजही शपथेवर सांगतो की त्यानं अजिबात आवाज केला नव्हता. मित्रा म्हणते, आवाजाची गरजच काय, त्याचा स्वभाव आहे नं.

*

आणि मग २०१९ आलं. आठवं वर्ष, आठवी बाई.

जूनमध्ये मित्रानं शेवटचा प्रयत्न केला. आईच्या जुन्या विद्यार्थिनींपैकी एक कामठीतच नर्स आहे, तिला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, आम्ही कोणीच तिथपर्यंत पोचलो नाही. बाईंना विचारलं की म्हणायच्या, थांबा, तिची वेळ यायची आहे."

मी मित्राला म्हटलं, "काहीतरी चांगलंसं रचून सांग. कोणाला कळणार आहे?"

"आई रचून लिहायची नाही, विनया. म्हणून तर कोरं ठेवलं असेल." मग जरा वेळानं म्हणाली, "तिचं एवढं एकच काम माझ्याकडे आलं होतं. तेही झालं नाही माझ्याच्यानं."

मी तिच्यासाठी चहा करायला उठले.

त्या दिवशी सगळे आले, हेल्पडेस्कचा सुरेशसुद्धा. पांढरी चादर, बॅटरीच्या मेणबत्त्या, झाकलेलं ताट. मित्रा पांढऱ्या साडीत उभी राहिली आणि तिनं आठवा पुठ्ठा दोन्ही हातांत धरला.

"या बाईंबद्दल मला काहीच माहीत नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "मी खूप शोधलं. माझी आई मला हे सांगून गेली नाही, आणि मी तिला विचारायला वेळेवर गेले नाही. सॉरी."

हे सॉरी आम्हाला नव्हतं. ग्रेगनं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्याकडे भाषण नाही असं मी पहिल्यांदाच बघितलं. गोष्ट नाही म्हणजे खाऊ नाही, आणि कुणालाही तिथून उठून जाता येईना.

टेबलाच्या पार टोकाला तेंडाईनं कप खाली ठेवला.

"हिची गोष्ट मी सांगते," ती म्हणाली.

उठून ती मित्राच्या शेजारी येऊन उभी राहिली. पुठ्ठ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ही बाई शिक्षिका होती. शाळेला छप्पर नव्हतं, वर्ग झाडाखाली भरायचा. फळा एकच. चोरीला जाऊ नये म्हणून रोज संध्याकाळी तो डोक्यावर घेऊन ती घरी यायची. पाऊस असला की पोरी तिच्या घरात बसायच्या आणि तिचा नवरा बाहेर."

सुरेश हसला आणि घाबरून गप्प झाला.

"हसा," तेंडाई म्हणाली. "तीही हसायची. चष्मा तिला फार उशिरा मिळाला. तो लावून पहिल्या दिवशी वर्गात आली, एकेकीकडे नीट बघितलं आणि म्हणाली, अरे देवा, इतकी वर्षं मी तुम्हाला अंदाजानं मारत होते!"

आता सगळेच हसले. मित्रा हसली नाही. ती तेंडाईकडे बघत होती.

"तिच्या पोरी नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या. तिची स्वतःची एक मुलगी फार लांब गेली, समुद्राकाठच्या एका थंड, वाऱ्याच्या गावात. आई आजारी पडली तेव्हा मुलीचा पासपोर्ट एका ऑफिसात कुणाच्या तरी टेबलावर पडून होता. दफन तिनं फोनवर बघितलं. नेटवर्क सारखं जात होतं. माती लोटायला लागले आणि चित्र थांबलं. ते पुन्हा हललं नाही." मग म्हणाली, "गोष्ट संपली."

मी रडले. मला चारचौघांत रडायला अजिबात आवडत नाही, तरी रडले. शेजारी श्रीकांतही रडत होता, आणि त्याच्या हातात खायला काहीही नव्हतं.

मित्रानं पुठ्ठा उलटा करून टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि लिहायला लागली. मराठीत, सावकाश, शाळेतल्यासारखं गोल अक्षर काढत. झाड, फळा, पाऊस, चष्मा. ताटातल्या वड्या गार झाल्या. कुणी हललं नाही. तेंडाई तिच्या खुर्चीशी तशीच उभी होती.

शेवटची ओळ झाली तेव्हा मित्रानं मान वर केली. "नाव?"

"रुडो," तेंडाई म्हणाली.

मित्रानं रुडो लिहिलं. आडनाव तिनं विचारलं नाही. तेंडाईच्या गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र उलटं झालं होतं. मित्रानं ते हातानं सरळ केलं, आणि त्यावर बघून एकेक अक्षर लिहून काढलं.